स्क्रू सैल आणि शिव्या स्कोपला

मागच्या अंकात सहज एक वाक्य लिहिलं होतं की रायफलच्या बॅगेत मुठीत मावेल एवढं टूलकिट असलंच पाहिजे, आणि त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यातच गेला. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत, ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : सर, मुलगी आठवीत आहे, स्वप्नील कुसाळेचं मेडल आलं तेव्हापासून तिला एअर रायफलचं वेड लागलंय, वर्षभर रेंजवर जातेय आणि आता आम्ही सेकंड हँड रायफल घेऊन दिलीय. कोच म्हणतात स्वतःचं टूलकिट ठेवा. ऑनलाइन बघितलं तर 'स्कोप माउंटिंग किट' म्हणून चाळीस चाळीस बिट्सचे डबे दिसतात, त्यातला कुठला घेऊ? — एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट, तुमच्या मुलीच्या रायफलवर स्कोप नाहीच आहे. १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, तिथे मागे डायॉप्टर असतो म्हणजे बारीक भोकाची साईट आणि पुढे नळीच्या टोकाला गोल रिंग, भिंगबिंग काही नाही. तेजस्विनी सावंत काय आणि स्वप्नील काय, ही सगळी तुमच्या जिल्ह्यातली मंडळी याच भोकातून बघत मोठी झाली. तेव्हा तो चाळीस बिट्सचा डबा राहू द्या दुकानात, त्यातली पस्तीस बिट्स तुम्ही जन्मात वापरणार नाही.

तुम्हाला लागणार मिलिमीटरमधल्या ॲलन की, २ पासून ५ पर्यंत, त्यातही २.५, ३ आणि ४ रोज हातात येणार. एक बारीक चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, एक जुना टूथब्रश, एक सुती फडकं, पेन्सिल. बस. हे सगळं चष्म्याच्या डबीत मावतं, आमच्याकडे तर निम्मी पोरं खरोखरच चष्म्याच्या डबीतच ठेवतात. फक्त ॲलन की चांगल्या पोलादाच्या घ्या, इथे पैसे वाचवू नका. मी एकदा रस्त्यावरच्या सेटमधली ३ नंबरची की एका पोराच्या बट प्लेटच्या (खांद्याला टेकते ती पट्टी) स्क्रूत घातली आणि जरा जोर लावला तर कीचे कोपरे झिजलेच, वर स्क्रूची षटकोनी खाचपण गोल झाली. स्पर्धा दुसऱ्या दिवशी! शेवटी एक साइज मोठं टॉर्क्स म्हणजे चांदणीच्या तोंडाचं बिट हातोडीने हलकेच ठोकून बसवलं आणि स्क्रू बाहेर काढला, पण ती रात्र मला अजून आठवते, आणि त्या पोराच्या बापाचा चेहरापण.

अजून एक, जे किटमध्ये मिळत नाही. डायॉप्टरचा नॉब एक खाच फिरवला की क्लिक होते, त्या एका क्लिकला छर्रा किती सरकतो ते तिला स्वतःला मोजू दे. रायफल टेकवून पाच शॉट मारायचे, मग एकाच दिशेला दहा क्लिक फिरवायच्या, परत पाच शॉट. दोन्ही झुबक्यांच्या मध्यातलं अंतर पट्टीने मोजायचं आणि दहाने भागायचं. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी रिंग अडीच मिलिमीटरवर असते, म्हणजे समजा दहा क्लिकमध्ये एक रिंग सरकली तर क्लिकला पाव मिलिमीटर, हिशोब सोपा. आणि फिरवायचं कुठल्या बाजूला हेपण तेव्हाच कळतं, कारण साईटवरचे बाण आणि अक्षरं फसवी असतात, काही कंपन्यांचा बाण सांगतो शॉट कुठे जाईल आणि काहींचा सांगतो शॉट कुठे गेला असेल तर इकडे फिरवा. सेकंड हँड रायफलीत तर माहितीपत्रकही नसतं. जे कळेल ते कागदाच्या पट्टीवर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवा. मधल्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर आहे ताई, तिथे 'साधारण दोनतीन क्लिक' असं चालत नाही.

प्रश्न : दादा, माझ्याकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे, नळी मोडून लोड करायची, १७७ ची. वर ४ ते १२ पॉवरचा स्कोप लावलाय. झीरो केला, म्हणजे नेम धरतो तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवला, की वीसपंचवीस छर्रे मस्त जातात, मग हळूहळू ग्रुप म्हणजे छर्ऱ्यांचा झुबका वर वर सरकतो. दोन स्कोप बदलले, तेच. तिसरा घेऊ का? — कराड

उत्तर : घेऊ नका! हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच आणि दर वेळी माणसाने आधीच दोन स्कोप बदललेले असतात.

स्प्रिंग रायफलचा झटका विचित्र असतो. बारूदवाल्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने येतो, मागे. स्प्रिंगवालीत जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे जाते आणि पिस्टन टोकाला हवेच्या उशीवर आपटून थांबतो तेव्हा रायफल पुढे झटकली जाते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत. म्हणजे स्कोपला दोन्ही बाजूंनी हिसके बसतात. त्यामुळे भल्याभल्या मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंग गनवर महिन्यात खुळखुळा होतो, म्हणून घेताना तो स्प्रिंग एअरगनसाठी चालतो असं लिहिलेलं आहे का ते बघावं लागतं. पण तुमचे दोन्ही स्कोप मेले असतील असं मला वाटत नाही, तुमचा ग्रुप फाटत नाहीये तर सगळा मिळून सरकतोय, म्हणजे काहीतरी घसरतंय.

आता या क्रमाने बघा, रायफल रिकामी करून. पहिले स्टॉकचे, म्हणजे रायफलीच्या लाकडी दांड्याचे स्क्रू. लाकडाच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डजवळ एक किंवा दोन. स्प्रिंग गनचे हे स्क्रू आपोआप सैल होतात, दर शे-दोनशे छर्ऱ्यांना हात लावून बघावे लागतात, आणि हे सैल असले तर वर कितीही भारी दुर्बीण लावा, उपयोग शून्य. मला विचाराल तर निम्म्या 'खराब स्कोपची' गोष्ट इथेच संपते.

मग माउंट, म्हणजे स्कोपला रायफलीवर धरणारी पकड, तिच्यातली गोल कडी म्हणजे रिंग. तुमच्या रायफलीच्या पाठीवर दोन उभ्या खाचा असतील, ती ११ मिलिमीटरची डव्हटेल. बाजारात मिळणारे बरेच माउंट रुंद रेलचे (रेल म्हणजे माउंट बसायची पट्टी), म्हणजे वीव्हर किंवा पिकॅटिनीचे असतात आणि दुकानदार 'बसतंय की' म्हणून देतो. ते बसत नाही, ते लटकतं. माउंट ११ चाच पाहिजे आणि त्याच्या खालच्या बाजूला एक बारीक पिन पाहिजे जी रायफलीवरच्या भोकात उतरते, त्याला स्टॉप पिन म्हणतात. भोक कुठे आहे ते शोधा, बऱ्याच जणांनी माउंट भोकाच्या पुढे बसवलेला असतो आणि पिन हवेत. तुमच्या रायफलीला भोक नसलं तर मागे वेगळा स्टॉपर मिळतो तो लावा.

खात्री करायची असेल तर माउंटच्या मागच्या कडेला रेलवर आणि रिंगच्या कडेला स्कोपच्या नळीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढा, नेलपॉलिशचा ठिपका दिला तरी चालेल, घरातलं कोणी ओरडणार नाही तेवढाच द्या. मग पन्नास छर्रे मारा आणि रेघ बघा. रेलवरची रेघ सुटली तर माउंट सरकतोय, नळीवरची सुटली तर स्कोप रिंगमध्ये सरकतोय. दोन्ही जागच्या जागी आणि तरी ग्रुप पळतोय, तर मग मी मानेन की स्कोप गेला.

बसवताना रेल आणि रिंगची आतली बाजू स्पिरिटने पुसून कोरडी करा. आपल्याकडे हौसेने सगळीकडे तेल चोपडायची पद्धत आहे ना, ती इथे नको, तेल लावलं तर घसरणारच की. आणि रिंगचे स्क्रू कचकचून आवळू नका. घसरतंय म्हणून अजून पिळतो आपण आणि ॲल्युमिनियमच्या नळीला चिमटा बसतो, आतली फिरणारी नळी अडकते आणि मग क्लिक फिरवूनही काही हलत नाही. मीपण पहिल्या स्कोपला असाच गळफास लावला होता, काढल्यावर नळीवर दोन चकचकीत कड्या उमटलेल्या, लग्नाच्या अंगठ्या काढल्यावर बोटावर राहतात तशा.

जाता जाता, १२ पॉवरला १० मीटरवर धूसर दिसतं अशी तक्रार तुम्ही केली नाहीत, पण करणार आहात. पुष्कळ स्कोप १०० यार्डावर फोकस करून येतात, जवळचं त्यांना दिसत नाही. पुढच्या भिंगाला किंवा बाजूला फोकसची रिंग असलेला आणि १० मीटरपर्यंत खाली येणारा घ्यावा लागतो. पण ते पुढच्या वेळी. आत्ता तिसरा घेऊ नका.

प्रश्न : काका, मी मूळचा नगरचा, गेली नऊ वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर यंदा पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जातोय, सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स झालं, ३०८ ची बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करून गोळी भरायची रायफल, घेतली. स्कोप स्वतः बसवायचाय. मित्र म्हणतात टॉर्क लिमिटरवालं (ठरलेल्या जोरापुढे आवळूच न देणारं) छोटं किट घे, पण ॲलन कीच्या सेटच्या कितीतरी पट किंमत आहे. एवढं खरंच लागतं का?

उत्तर : लागतं. इथे मी कंजूषपणा करायला सांगणार नाही, आणि मी तसा कंजूषच आहे.

त्या किटची रचना बघा किती साधी असते. 'फिक्स इट स्टिक्स' नावाचं जे आहे ते मुळात सायकलवाल्यांसाठी निघालेलं, बोटभर लांबीच्या दोन काड्या, एकीच्या मधल्या भोकात दुसरी घातली की इंग्रजी टी सारखी मूठ तयार. तिच्या टोकाला टॉर्क लिमिटरची नळकांडी बसते, प्रत्येकाचा आकडा ठरलेला, १५, २५, ४५, ६५ असा, इंच-पौंडात. तेवढा जोर झाला की आत कट्ट होतं आणि ते पुढे आवळतच नाही. दुसरा प्रकार 'व्हीलर'च्या फॅट रेंचसारखा, मूठ फिरवून आकडा लावायचा, तो घरच्या टेबलासाठी उत्तम पण जंगलात खिशात टाकायला काड्या बऱ्या. तुमच्या मित्रांनी चुकीचं सांगितलेलं नाही.

आकडे असे असतात साधारण : रिंगच्या वरच्या झाकणाचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंड, रिंगचा जो मोठा नट रेलला पकडतो तो पुष्कळ माउंटना ६५, आणि रेल किंवा बेस रायफलीवर बसवायचे छोटे स्क्रू या दोन्हींच्या मधले, रिंगच्या आकड्याच्या जवळचे. पण माझं ऐकण्याआधी तुमच्या माउंटच्या डब्यातला कागद वाचा, कंपनीचा आकडा तोच खरा. आणि इंच-पौंड आणि फूट-पौंड यांच्यात बारा पटींचा फरक आहे! गाडीच्या चाकाचा टॉर्क पाना घेऊन १५ वर लावलात तर ते १८० इंच-पौंड होतं, स्क्रूचं डोकं हातात येईल. की बघूनही घाला, अमेरिकन माउंटला इंचाच्या की लागतात किंवा टॉर्क्सचं टी-१५. इंचाची तीन बत्तिसांश की म्हणजे २.३८ मिलिमीटर, ती अडीचच्या खाचेत जाते पण खुळखुळते, आणि खुळखुळणारी की म्हणजे मी वर कोल्हापूरच्या ताईंना सांगितलेली रात्र.

आता बसवणं. रायफलीचा बोल्ट काढून ठेवा, नळीतून आरपार उजेड बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत. बेस आधी, त्याच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सुटू न देणारा डिंक) थेंबभर चालतं, लाल कधीही नाही, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. रिंगच्या स्क्रूंना मी काहीच लावत नाही, कारण ओला स्क्रू त्याच टॉर्कला जास्त आवळला जातो. मग स्कोप रिंगमध्ये सैल ठेवून डोळा आणि मागच्या भिंगातलं अंतर ठरवा, साधारण साडेतीन इंच, आणि हे ठरवताना शिकारीला जे जाकीट घालणार तेच घालून रायफल खांद्याला लावा. तुमच्याकडे रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो ना, त्या थंडीतलं जाड जाकीट आणि ऑक्टोबरातला टी-शर्ट यात इंचभराचा फरक पडतो आणि मग धक्क्याने मागे आलेला स्कोप भुवईवर अर्धचंद्र काढून जातो. झूम पूर्ण वाढवून बघा, तेव्हा डोळ्याची जागा सगळ्यात नाजूक असते.

मग क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधल्या आडव्याउभ्या रेघा, सरळ करणं. किटमध्ये चुंबकाच्या छोट्या लेव्हल येतात, ठीक आहेत, पण मला आपल्या गवंड्याचा ओळंबा जास्त भरवशाचा वाटतो. पंचवीसतीस फुटांवर दोरीला वजन बांधून टांगा, पांढरी दोरी असेल तर उत्तम, रायफल लेव्हलमध्ये पक्की धरा आणि उभी रेघ दोरीवर बसवा. वारा नको. नंतर स्क्रू आवळताना एक इकडचा एक तिकडचा, समोरासमोर तिरके, थोडे थोडे, चार फेऱ्यांत. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूचे आधी पूर्ण आवळले की स्कोप रिंगमध्ये गोल फिरतो आणि ओळंब्याची सगळी मेहनत वाया.

झीरो २५ यार्डावर सुरू करा. तुमच्या स्कोपवर पाव एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग म्हणजे एक एमओए) लिहिलं असेल तर १०० यार्डावर क्लिक साधारण पाव इंच, पण २५ यार्डावर तीच क्लिक एक सोळांश इंच. म्हणजे २५ वर गोळी दोन इंच खाली गेली तर ३२ क्लिक वर, आठ नाही. नवीन माणूस इथे आठ फिरवतो, काही हललं नाही म्हणून वैतागतो आणि स्कोप बदलायला जातो (कराडकर, ऐकताय ना). २५ ला जमलं की १०० ला जा आणि तिथे तीन तीन गोळ्यांचे ग्रुप बघून हळू सुधारा, एकेका गोळीच्या मागे पळू नका.

प्रश्न : मी पुण्यात सायकलिंग करतो, कार्बन हँडलबारसाठी २ ते २० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना घरी आहे. तोच स्कोपच्या रिंगला वापरला तर? — कोथरूड

उत्तर : विचार चांगला आहे पण आकडा जुळत नाही. १५ इंच-पौंड म्हणजे १.७ न्यूटन-मीटर, १८ म्हणजे जेमतेम २. तुमचा पाना जिथे सुरू होतो तिथे आपलं काम संपतं, आणि असे पाने अगदी तळाच्या आकड्याला भरवशाचे नसतात, क्लिक ऐकू यायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो. रेलला पकडणारा ६५ चा नट मात्र साधारण ७.३ न्यूटन-मीटर, तो खुशाल आवळा याच पान्याने. रिंगसाठी १५ चा एकच ठरलेल्या आकड्याचा लिमिटर घ्या, अख्खं किट कशाला.

प्रश्न : एमओए चांगलं की मिल? — बरेच जण

उत्तर : ज्याच्या जोडीने तुम्ही नेमबाजी करता त्याचं जे असेल ते. आपण मीटरमध्ये वाढलो म्हणून मला मिल (तेही कोनाचंच माप) सोपं वाटतं, ०.१ मिलची क्लिक १०० मीटरवर १ सेंटिमीटर आणि १० मीटरवर १ मिलिमीटर, तोंडी हिशोब. एमओए १०० मीटरला २.९ सेंटिमीटर होतं, मग पाव एमओए म्हणजे... कागद काढा. फक्त आतली रेटिकल म्हणजे नेमाच्या रेघा आणि बाहेरचा नॉब दोन्ही एकाच भाषेतले घ्या, एक मिल आणि एक एमओए असला स्कोप स्वस्तात मिळतो आणि डोकं महाग करतो.

प्रश्न : आमच्या नारळाच्या बागेत रानडुकरं फार त्रास देतात, एअर रायफलवर बसेल असा रात्रीचा स्कोप सुचवा. — सिंधुदुर्ग

उत्तर : नाही सुचवणार. त्रास खरा आहे, माझं आजोळ तिकडचंच, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तुम्ही अडकाल आणि एअर रायफलने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन माणसावर येतं. वनखात्याकडे अर्ज करा, नुकसानीचा पंचनामा करून घ्या.

मात्र तुमच्या भागातल्या सगळ्यांसाठी एक सांगतो, टूलकिट आणि स्कोप पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका. फोम दमट हवा धरून ठेवतो, गणपतीत उघडता तेव्हा कींवर तांबेरा आणि भिंगावर बुरशीची जाळी. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा उघडून वारा द्या.

प्रश्न : मुलगा भोपाळला स्पर्धेला चाललाय, पहिल्यांदाच विमानाने. टूलकिट हातातल्या बॅगेत ठेवू का, सामान हरवलं तर? — ठाणे

उत्तर : हातातल्या बॅगेत अजिबात नको, स्क्रू ड्रायव्हर आणि पाने सिक्युरिटीला काढून ठेवतात आणि परत मिळत नाहीत. रायफलबरोबर चेक-इनमध्येच जाऊ दे, रायफलचे कागद आणि असोसिएशनचं पत्र मात्र हाताशी. वेळ जास्त धरा, काउंटरवरच्या माणसाने एअर रायफल आधी पाहिली असेलच असं नाही.

खरी काळजी वेगळी आहे. केस आपटतात. जाताना डायॉप्टर रेलवरून काढून वेगळा फडक्यात गुंडाळून ठेवा, काढायच्या आधी जागेवर पेन्सिलची रेघ, आणि दोन्ही नॉबचे आकडे फोनमध्ये फोटो काढून. तिथे पोचल्यावर बसवून ट्रेनिंगच्या दिवशी तपासायचं, स्पर्धेच्या सकाळी नाही, कारण तेव्हा तयारी आणि सायटिंग (गुणांत न धरले जाणारे चाचणीचे शॉट) मिळून १५ मिनिटंच मिळतात आणि त्यात स्क्रू शोधत बसलं की पोरगं घामाघूम होतं. अभिनव बिंद्राने स्वतः सांगितलंय, २००८ ला बीजिंगच्या फायनलआधी त्याचा सायटिंगचा शॉट भलतीकडेच गेला, साईट जागेवर नव्हती, आणि तेवढ्या वेळात त्याला ती क्लिक क्लिक करून परत आणावी लागली. आणलीही, ७००.५ वर गोल्ड. पण त्याला आपल्या क्लिक पाठ होत्या. तुमच्या मुलाच्या पाठ आहेत का, आज रात्री जेवताना सहज विचारा, नसतील तर शनिवारी रेंजवर नेऊन ते पाच शॉट, दहा क्लिक, पाच शॉट करून घ्या, अर्धा तास लागतो.